संपता संपेना : लांबलेल्या ॲनिमेंविषयी वाचकांचे प्रश्न

ॲनिमेवर (जपानी ॲनिमेशन मालिकांवर) प्रश्न मागवले आणि बहुतेक पत्रांतून एकच सूर निघाला : सुरू केलेली मालिका संपत का नाही, आणि संपली तर ती नीट का संपत नाही? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. कथेतली रहस्यं उघड होणार नाहीत याची काळजी घेतली आहे. भागांचे क्रमांक जपानी प्रसारणाचे आहेत. ओटीटीवर सीझन वेगळे पाडलेले असतात, तेव्हा पहिल्या भागापासूनचा सलग क्रमांक मोजा.

‘वन पीस’ सातशेच्या पुढे आल्यावर एका भागात जेमतेम अर्धी मारामारी होते. सुरुवातीला असं नव्हतं. हा भास आहे की खरंच वेग मंदावला? आणि पुढे पाहावं की सोडून द्यावं?
— वाचक, पुणे

भास नाही. ईस्ट ब्लू हा कथेचा पहिला टप्पा मांगात (मूळ जपानी चित्रकथेत) १०० प्रकरणांचा आहे आणि ॲनिमेने तो ५३ भागांत उरकला. म्हणजे भागाला जवळपास दोन प्रकरणं. ड्रेसरोझा या नंतरच्या टप्प्याची १०२ प्रकरणं (७०० ते ८०१) दाखवायला ११८ भाग लागले (६२९ ते ७४६). वानोची १४९ प्रकरणं तर १९०हून जास्त भागांत पसरली. तिथे भागाच्या वाट्याला पाऊण प्रकरण आलं.

याचं मूळ कॅलेंडरात आहे. मांगा ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात येतो. नवं वर्ष, मे महिन्यातल्या सुट्ट्या, ऑगस्टमधला ओबोन सण अशा वेळी जोडअंक निघतात, मधूनमधून लेखक ओदा विश्रांती घेतात. अलीकडे वर्षाला चाळिशीच्या आसपास प्रकरणं पदरात पडतात, प्रत्येकी सतराएक पानांची. टीव्हीवरची वेळ मात्र बाराही महिने ठरलेली. भागाला दोन प्रकरणं या वेगाने वर्षभराचा माल वीस आठवड्यांत संपतो. उरलेल्या आठवड्यांचं काय? तीनच वाटा आहेत : मांगात नसलेली कथा घुसडायची (हेच फिलर), आहे तीच कथा ताणायची, किंवा मालिका थांबवायची. ‘नारुतो’ आणि ‘ब्लीच’ करणाऱ्या पिएरो स्टुडिओने पहिली वाट धरली, ‘वन पीस’च्या तोएईने मुख्यतः दुसरी.

ताणतात कसं, ते एकदा घड्याळ लावून पाहा. जाहिराती वगळता भाग सुमारे २४ मिनिटांचा. त्यातून सुरुवातीचं गाणं, मागच्या भागाची उजळणी आणि पुढच्याची झलक वजा केली की अठराच्या आसपास मिनिटं उरतात. त्यातही एका वाराआधी दहा जणांचे चकित चेहरे, स्थिर चित्रावरून संथ फिरणारा कॅमेरा, तिसऱ्यांदा दाखवलेली तीच जुनी आठवण आणि संपता संपत नाही असं धावणं. मांगात जो चेहरा कोपऱ्यातल्या एका लहान चौकटीत असतो, त्याला पडद्यावर चार सेकंद मिळतात. अशा चौकटी एका प्रकरणात पन्नास असू शकतात. चित्रकार वाईट आहेत असं नाही, त्यांच्या हाती मालच कमी असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : सोडू नका, गाडी बदला. आमच्या मते उत्तम सांधा ५१६ व्या भागापाशी आहे. तिथे कथेतला पहिला मोठा कालखंड संपतो आणि ५१७ पासून दोन वर्षांनंतरची कथा सुरू होते. मांगात हीच जागा ५९८ वं प्रकरण, खंड ६१. तिथून मांगा वाचा आणि ॲनिमेचे फक्त निवडक भाग पाहा. १०१५ आणि १०७१ हे दोन तरी पाहाच. पण मांगात तिथवर पोचल्यानंतर. फिलरपैकी १९६ ते २०६ हा जी-८ चा तुकडा मात्र वगळू नका, तो मूळ कथेतल्या कित्येक भागांपेक्षा सरस आहे.

वेळेचा हिशोबही मांगाच्याच बाजूने आहे. ११०० भाग गुणिले २४ मिनिटं म्हणजे ४४० तास. गाणी आणि उजळणी गाळली तरी सव्वातीनशे. मांगाच्या एका प्रकरणाला सहा मिनिटं धरली तर ११०० प्रकरणांना ११० तास.

तोएईलाही हे कळत होतं असं दिसतं. फिशमॅन आयलंडचा पन्नासहून अधिक भागांचा आर्क (कथेचा सलग टप्पा) त्यांनी नव्याने कापून २०२४-२५ मध्ये २१ भागांत दाखवला. आणि २०२६ पासून वर्षभर अखंड प्रसारण बंद करून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग द्यायचं त्यांनी जाहीर केलं. चाळीस प्रकरणं आणि सव्वीस भाग : गणित पहिल्यांदाच प्रेक्षकाच्या बाजूला झुकलं. २७ वर्षं लागली, पण झुकलं.

लहानपणी कार्टून नेटवर्कवर पाहिलेलं ‘ड्रॅगन बॉल झी’ पुन्हा पाहायला घेतलं. नामेक ग्रह ‘पाच मिनिटांत फुटणार’ म्हणतात आणि फुटतच नाही. छोटी आवृत्ती आहे का?
— वाचक, नागपूर

आहे. ती पाच मिनिटं दहाच्या आसपास भाग चालतात. २००९ मध्ये तोएईने जुनंच चित्रण कापूनछाटून ‘ड्रॅगन बॉल झी काई’ काढलं. मूळ २९१ भागांचे जपानी गणनेत १५९ झाले. जपानबाहेरच्या आवृत्तीत शेवटचा टप्पा थोडा लांब असल्याने १६७. कथा तीच आहे, फिलर जवळजवळ सगळं गेलं. गेलेल्यांत एकच गोष्ट चुटपुट लावते : गोकू आणि पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो भाग. मूळ मालिकेत तो १२५ वा आहे, तेवढा वेगळा पाहून घ्या.

‘नारुतो’ आणि ‘ब्लीच’मधले कोणते भाग वगळावेत? इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.
— एक विद्यार्थी, ठाणे

याद्या जुळत नाहीत, कारण काही भाग मिश्र असतात. अर्धा भाग मांगातला, अर्धा भर घातलेला. काही याद्या त्यांना फिलर म्हणतात, काही म्हणत नाहीत. नियम सोपा ठेवा : मिश्र भाग पाहायचे, फक्त सलग मोठे तुकडे गाळायचे.

पहिल्या ‘नारुतो’त २२० भाग आहेत. मुख्य कथा १३५ व्या भागात संपते. त्यानंतर १४१ आणि १४२ वगळता २१९ पर्यंत सगळी भर आहे. तेव्हा १३५ नंतर थेट २२० पाहा आणि ‘शिप्पुडेन’ या पुढच्या मालिकेला लागा. आधीचा १०१ वा भागही फिलरच, पण काकाशीच्या मुखवट्यामागचा चेहरा पाहण्याची धडपड त्यात आहे. तो गाळलात तर हसण्याची एक चांगली संधी जाईल.

‘शिप्पुडेन’च्या ५०० भागांतले मोठे तुकडे असे : ५७–७१, ९१–११२, १४४–१५१, १७६–१९६, २२३–२४२, २९०–२९५, ३०३–३२०, ३४७–३६१, ३९४–४१३, ४२७–४५०. बेरीज १६९ भाग, म्हणजे साठ-पासष्ट तास वाचले. यातला ३४९ ते ३६१ हा काकाशीच्या तरुणपणाचा तुकडा आवर्जून ठेवा. सगळ्यात त्रास देतो तो ३९४ ते ४१३, कारण अंतिम युद्ध ऐन रंगात असताना मालिका तुम्हाला एका जुन्या परीक्षेच्या आठवणीत नेऊन बसवते.  मांगा तर तोवर संपलाही होता (नोव्हेंबर २०१४ मध्ये, ७०० व्या प्रकरणावर). मांगातला शेवट ४७९ व्या भागात येतो. ४८० पासून पुढचे भाग जोडकथा आणि कादंबऱ्यांवरचे आहेत, घाई असेल तर ४७९ ला थांबलात तरी काही अडत नाही. ‘द लास्ट’ हा २०१४ चा चित्रपट ४९३ आणि ४९४ च्या मध्ये बसतो.

‘ब्लीच’मधून ६४–१०९, १६८–१८९, २३०–२६५ आणि ३१७–३४१ हे चार गठ्ठे काढा. ६४–१०९ निदान दोन आर्कच्या मधल्या फटीत आहे. १६८ वाला मात्र शत्रूच्या गोटात लढाई चालू असताना सगळ्यांना उचलून दुसऱ्याच कथेत टाकतो आणि १९० ला काहीच घडलं नसल्यासारखा परत आणतो. २३०–२६५ मध्ये तलवारींना माणसांची रूपं मिळतात. लढायांत रस असेल त्यांनी पाहावा, तो वाईट नाही.

फिलर स्वतः ओळखायचं असेल तर चाहत्यांच्या विकीवर त्या भागाचं पान उघडा. मांगाच्या प्रकरणाचा क्रमांक रिकामा असेल तर भाग भरीचा. पान उघडायचं नसेल तर आणखी एक खूण : आजवर कुणी नावही न घेतलेला महाबली येतो, सगळ्यांना जेरीस आणतो, हरतो, आणि त्याचं नाव पुन्हा कधीच निघत नाही.

‘हंटर × हंटर’चे १४८ भाग पाहिले. एवढी लोकप्रिय मालिका २०१४ मध्ये का बंद केली? पुढचा सीझन काढायला स्टुडिओ का तयार नाही?
— वाचक, मडगाव

स्टुडिओच्या तयारीवर हे सहसा अवलंबून नसतं. बहुतेक ॲनिमेंचा पैसा ‘निर्मिती समिती’ घालते : प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी किंवा गेम बनवणारी कंपनी, वितरक. ज्याचा जेवढा पैसा तेवढा त्याचा हिस्सा. स्टुडिओला ठरलेली मजुरी मिळते, समितीत त्याने स्वतः पैसा घातला असेल तरच नफ्यात वाटा. (म्हणूनच २०२२ मध्ये मापा या स्टुडिओने ‘चेनसॉ मॅन’चा पूर्ण खर्च स्वतः उचलला तेव्हा त्याची चर्चा झाली.) प्रकाशकाच्या दृष्टीने बारा भागांची मालिका ही मांगाच्या खंडांची जाहिरातही असते. खंड खपले की जाहिरातीचं काम झालं. कितीतरी मालिका एका सीझननंतर ऐन मोक्यावर लटकतात, त्या अशाने.

‘हंटर’ची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे दाखवायला माल उरला नव्हता. २०११ ची मालिका मांगाच्या ३२ व्या खंडाच्या शेवटापर्यंत पोचते. लेखक तोगाशी पाठीच्या दुखण्यामुळे वर्षानुवर्षं खंड पडत लिहितात. २०१८ नंतरची प्रकरणं थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, मग पुन्हा २०२४ च्या अखेरीस. मॅडहाउसने थांबण्याची जागा चांगली निवडली, असं आमचं मत. निवडणुकीचा आर्क संपतो, गोनचा एक शोध पूर्ण होतो, दार किंचित उघडं राहतं. फिलर घालून हीच मालिका अजून चालवली असती तर आज तिचं नाव एवढ्या आदराने निघालं नसतं.

पुढे वाचायचं तर खंड ३३ हाती घ्या. तयारीने वाचा : पानं संवादांनी गच्च भरलेली आहेत, डझनांनी नवी पात्रं येतात, कोण कुठल्या राजपुत्राच्या बाजूचं हे कागदावर लिहून ठेवावं लागतं. आठवड्याला एक प्रकरण अशा गतीने गोंधळ उडतो, खंड सलग वाचला तर कमी उडतो.

माझी नऊ वर्षांची मुलगी ‘डोरेमॉन’चा शेवट विचारते. नोबिता कोमात असतो आणि सगळं स्वप्न असतं, असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ती घाबरली आहे.
— एक आई, इचलकरंजी

ती अफवा आहे, मुलीला निर्धास्त सांगा. जपानमध्येही ती अनेक वर्षं फिरत होती. डोरेमॉनची बॅटरी संपते आणि मोठेपणी शास्त्रज्ञ झालेला नोबिता त्याला दुरुस्त करतो, ही दुसरी कथाही एका चाहत्याची आहे, लेखकाची नव्हे.

लेखक फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये वारले. त्यांनी अखेरचा शेवट लिहिला नाही. निरोपाच्या कथा मात्र लिहिल्या होत्या. ‘डोरेमॉन’ शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तानिहाय मासिकांत येई. मार्चमध्ये जपानी शाळेचं वर्ष संपलं की मुलं वरच्या इयत्तेत जात आणि ते मासिक त्यांच्या हातून सुटे. म्हणून १९७१, १९७२ आणि १९७४ च्या मार्चमध्ये निरोप लिहिले गेले. १९७४ च्या निरोपात डोरेमॉनला भविष्यात परत जायचं असतं, आणि आपण त्याच्याविना राहू शकतो हे दाखवायला नोबिता जियानशी एकटा भिडतो, मार खातो पण सोडत नाही. ही कथा सहाव्या खंडाच्या शेवटी आहे. पुढच्याच महिन्यात लेखकाने डोरेमॉनला परत आणलं, सातव्या खंडाची सुरुवात तिथूनच होते. ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या २०१४ च्या चित्रपटात हा निरोप आणि पुनरागमन दोन्ही आहेत. मुलीबरोबर बसून पाहा, रुमाल जवळ ठेवा.

‘डिटेक्टिव्ह कोनन’चे हजाराहून जास्त भाग आहेत. मला काळ्या टोळीची मुख्य कथाच पाहायची आहे. जमेल?
— वाचक, बेळगाव

जमेल, पण निम्मी मजा जाईल, कारण मालिकेचा मूळ ऐवज सुटे खटले हाच आहे. जानेवारी १९९६ पासून ती चालू आहे आणि कोनन अजून पहिलीतच आहे. मुख्य कथा मुंगीच्या पावलाने जाते, आणि मधले कितीतरी खटले मांगाबाहेरचे, टीव्हीसाठी लिहिलेले.

कणा एवढा : भाग १, १२९, १७६–१७८, २३०–२३१, ३४५, ४२५, ४९१–५०४. शेवटचा तुकडा सलग पाहा, पूर्ण मालिकेतला तो सर्वांत घट्ट विणलेला कथाभाग. १२९, ३४५ आणि ४२५ हे दीर्घ विशेष भाग आहेत. काही आवृत्त्यांत त्यांचे तुकडे पाडून वेगळे क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे पुढचे सगळे आकडे सरकतात. क्रमांकाऐवजी कथासार वाचून खात्री करा. १२९ मध्ये हाइबारा आई पहिल्यांदा येते. ती दिसली नाही तर तुम्ही चुकीचा भाग लावला आहे. १९९७ पासून जवळपास दरवर्षी एप्रिलमध्ये येणारे चित्रपट बहुतांशी सुटे पाहता येतात.

‘अटॅक ऑन टायटन’चा ‘अंतिम सीझन’ किती वेळा येणार होता? नक्की कुठे संपतं, आणि ‘द लास्ट अटॅक’ हा नवा भाग आहे का?
— वाचक, नाशिक

‘अंतिम’ डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. क्रम असा : सीझन १ (२५ भाग), २ (१२), ३ (२२), अंतिम सीझनचा पहिला तुकडा (१६), दुसरा (१२), मग दोन दीर्घ विशेष भाग. ‘द लास्ट अटॅक’ म्हणजे तेच दोन विशेष भाग जोडून २०२४ मध्ये चित्रपटगृहात आणलेली आवृत्ती. कथा तीच, दोन्हींपैकी एक पुरे. नावाचा घोळ त्रासदायक असला तरी ही मालिका मांगाच्या शेवटापर्यंत पूर्ण दाखवली गेली आहे आणि तिच्यात फिलर जवळजवळ नाही, हे विसरू नका.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या दोन मालिका आहेत. दोन्हींचा शेवट वेगळा कसा?
— वाचक, सोलापूर

२००३ ची मालिका (५१ भाग) सुरू झाली तेव्हा मांगा अर्ध्यावरही नव्हता. मासिकात येणारी कथा, महिन्याला एकच प्रकरण. वाट पाहण्याऐवजी बोन्स स्टुडिओने मधूनच स्वतःची कथा रचली आणि स्वतःचा शेवट केला. ‘ब्रदरहुड’ (२००९-१०, ६४ भाग) मांगाबरोबर चालली आणि मांगा संपल्यावर काही आठवड्यांतच संपली. पूर्ण, नीट शेवट हवा तर ‘ब्रदरहुड’. तिची एकच अडचण : सुरुवातीच्या डझनभर भागांत ती घाई करते, कारण हे तुम्ही २००३ मध्ये पाहिलंच आहे असं ती गृहीत धरते. वेळ असेल तर आधी जुनी पाहा. तिचा शेवट कडवट आहे, पण तो शेवट आहे.

लेखकच वारला तर कथेचं काय होतं? ‘बर्सर्क’ पाहायला घेऊ का?
— वाचक, औरंगाबाद

केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेले. त्यांनी पुढची कथा आपला मित्र कोजी मोरी यांना सांगून ठेवली होती. त्या आधारावर मोरी यांच्या देखरेखीखाली मिउरांचे सहायक (स्टुडिओ गागा) जून २०२२ पासून मांगा पुढे नेत आहेत. १९९७ ची २५ भागांची मालिका उत्तम आहे, पण ती भीषण प्रसंगाच्या मध्यावर तुटते. ती पाहून मांगा मधून उचलू नका, पहिल्या खंडापासून वाचा. सुरुवातीच्या तीन खंडांतला बराच मजकूर मालिकेने गाळला आहे. हिंसा आणि लैंगिक अत्याचाराची दृश्यं आहेत, ही फक्त प्रौढांसाठीची कथा.

‘शिनचॅन’चे लेखक उसुई २००९ मध्ये वारले आणि सहायकांनी मांगा चालू ठेवला. ‘साझाए-सान’ची वृत्तपत्रातली पट्टी १९७४ मध्येच थांबली, पण १९६९ मध्ये सुरू झालेला ॲनिमे रविवारी संध्याकाळी अजून लागतो. अशा मालिकांना पुढे जाणारी कथाच नसते, त्यामुळे अर्धवट राहण्यासारखंही काही नसतं.

तुम्ही सारखं ‘मांगा वाचा’ सांगता. भारतात रीतसर कुठे मिळतो?
— वाचक, कोल्हापूर

‘जंप’ची प्रकाशक शुएशा, तिचं ‘मांगा प्लस’ भारतात चालतं. वेबसाइटवर बहुतेक चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात, मधल्यांसाठी ॲप आणि वर्गणी. ‘जंप’चं नवं प्रकरण जपानमध्ये सोमवार उजाडताच, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला, इंग्रजीत येतं. विझ या इंग्रजी प्रकाशकाचं ‘शोनेन जंप’ ॲपही भारतात मिळतं. छापील इंग्रजी खंड मोठ्या पुस्तकदुकानांत असतात. दीर्घ मालिका असेल तर दोन-तीन खंड एकत्र बांधलेली आवृत्ती स्वस्त पडते का ते विचारा. रस्त्यावरच्या स्वस्त प्रती घेऊ नका : कागद पातळ, काळी शाई पसरलेली, आणि कधीकधी पानंच उलट्या क्रमाने बांधलेली.

पहिल्यांदा वाचत असाल तर पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडा. चौकटी उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक चौकटीतले संवादांचे फुगेही तसेच. पहिल्या खंडाला डोळा अडखळतो, दुसऱ्यात बसतो.

नवी मालिका सुरू करण्याआधी ती संपेल की नाही हे कसं ओळखावं?
— वाचक, न्यू जर्सी

आधी मूळ मांगा किंवा कादंबरी संपली आहे का ते पाहा. संपली असेल तर एकूण किती खंड, ते बघा. आजच्या तिमाही मालिका १२-१३ भागांत साधारण तीन ते सहा खंड संपवतात. २३ खंडांच्या कथेचे १२ भाग जाहीर झाले असतील तर शेवट त्यात मावणार नाही, पुढची घोषणा होईपर्यंत थांबा. ‘डेमन स्लेयर’ची कथा अशी २३ खंडांचीच. मांगा २०२० मध्ये संपला, पण ॲनिमेचा शेवट तीन चित्रपटांत वाटला आहे आणि त्यातला पहिला २०२५ मध्ये आला. शेवट आहे हे नक्की ठाऊक, फक्त तिकीट तीनदा काढायचं.

मूळ मांगा चालू असेल तर तो साप्ताहिक की मासिक, आणि लेखक किती नियमित, हे पाहा. थेट ॲनिमेसाठीच लिहिलेल्या कथा बहुधा ठरलेल्या भागांत संपतात. शेवट महत्त्वाचा असेल तर आमची पहिली शिफारस तीच असते.

‘गिनतामा’ खरंच संपलं का? प्रत्येक वेळी फसवतात.
— वाचक, सांगली

फसवणं हाच त्या मालिकेचा विनोद. २०१३ च्या चित्रपटाची जाहिरात अंतिम अध्याय म्हणून झाली आणि २०१५ मध्ये मालिका परत आली. मांगा २०१८ मध्ये ‘जंप’मध्ये संपायचा होता, पानं पुरली नाहीत. मग दुसऱ्या मासिकात गेला, तिथेही पुरली नाहीत, शेवटी जून २०१९ मध्ये एका ॲपवर ७०४ व्या प्रकरणाला संपला. ॲनिमेचा क्रम असा ठेवा : ३६७ भाग, मग ‘द सेमी-फायनल’चे दोन, मग २०२१ चा चित्रपट ‘द फायनल’. या वेळी कथा खरोखर संपते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली शाळेतल्या गिनपाची मास्तरांची मालिका जोडकथा आहे, ती मोजू नका.